तिसऱ्या तळ्यातला शेकाट्या

२२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ठमे,

आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे आता ती तो दिवसातून पाचदाच दाखवते. माझं ठीक चाललंय. सांडपाणी केंद्रावर आम्हाला नवी प्रयोगशाळा मिळाली. तिची खिडकी थेट तळ्यांकडे उघडते, त्यामुळे वास आता घरपोच येतो. तू मजेत असशील असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण तू मजेत नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून ते गाळते.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी काही सांगायला लागले की तू मधेच "असू दे गं ताई" म्हणतेस आणि मला सोडवून टाकतेस. या वेळी मला सुटायचं नाहीये. कुरियरवाला म्हणतो, बुधवारी पोचेल. शुक्रवारच्या तुझ्या बैठकीआधी वाच.

बातमी अशी की मंगळवारी सकाळी आमच्या तिसऱ्या तळ्यात एक शेकाट्या दिसला. डाव्या पायात, गुडघ्याच्या वर, पिवळं कडं आणि त्यावर काळ्या अक्षरांत के-सात-टी. उजव्या पायात नंबराचं धातूचं कडं. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा, बघणाऱ्याचा नव्हे. हे तुला मीच शिकवलं होतं, विसरली नसशील. पिवळं कडं डाव्या पायात म्हणजे तुझं काम. तीन वर्षांपूर्वी तू ज्या बेचाळीस पिलांना कडी घातलीस, त्यातलं एक जिवंत आहे, मोठं झालंय आणि आमच्या गाळात किडे वेचत फिरतंय.

इथेच सही ठोकली असती तर मी फार चांगली बहीण दिसले असते. काल तसं एक पत्र लिहिलंही होतं. ते फाडलं.

गेल्या रविवारी आईनं मला सगळं सांगितलं. बेचाळीसपैकी एकही पक्षी पुन्हा कुणाला दिसला नाही, एकाचीही खबर कुठून आली नाही, म्हणून तुझे मोठे साहेब म्हणतात की कडी घालण्यातच खोट असावी. घट्ट बसली असतील, पाय सुजले असतील, पिलं मेली असतील. शुक्रवारी काम बंद करणार आणि तुझा परवानाही काढून घेणार. आई म्हणाली, "अगं, ती पक्ष्याला हातच लावत नाही आता. म्हणते, माझ्याच हातांनी मारली असतील ती." आणि रडायला लागली.

आता नीट वाच. हे ऐकून मला आधी बरं वाटलं.

फार वेळ नाही. चार बाटल्या धुवून होईपर्यंत. पण वाटलं, आणि चांगलं गार वाटलं. सोळा वर्षं जे माझ्या पोटात दुखत होतं ते तेवढ्यापुरतं थांबलं.

तुला ते पक्षी-शिबिर आठवतं का? तू आठवण काढत नाहीस, मी रोज काढते. पक्ष्यांचं वेड माझं होतं. वह्या माझ्या, दुर्बीण माझी, घरी भांडून परवानगी काढली ती मी. एकटीला सोडणार नाहीत म्हणून तुला बिस्किटांची लाच देऊन ओढत नेलं. सरांनी पहिला पक्षी माझ्या हातात दिला. उडून जाईल या भीतीनं मी त्याला असा धरला की सरांनी सगळ्यांसमोर माझी बोटं एकेक करून उलगडली. "सोड. श्वास घेऊ दे त्याला," म्हणाले. पक्षी अर्धा तास खोक्यात निपचित पडून होता. मग गंमत म्हणून तुला बोलावलं. तू तोंडातलं बिस्कीट संपवत आलीस, हात पँटला पुसलास आणि पक्ष्याची मान दोन बोटांत अशी अलगद घेतलीस की तो फडफडलासुद्धा नाही. सर म्हणाले, "हे हात बघा रे सगळे."

परतताना बसमध्ये तू विचारलंस, "ताई, तू रागावलीस?" मी म्हटलं, "छे गं." मग मी रसायनशास्त्र घेतलं आणि सांगत सुटले की पक्ष्यांत काय ठेवलंय, नोकऱ्या नाहीत काही नाहीत. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पाहुणे आले की आई आजही आपली ओळख करून देते: "ही धाकटी, पक्ष्यांची शास्त्रज्ञ. आणि ही मोठी, पाण्याच्या खात्यात असते." सांडपाण्यातलं सांड ती गाळते, तेवढीच माझी अब्रू.

मंगळवारी शेकाट्या दिसला असं वर लिहिलंय. ते खरं आहे, पण तो मंगळवारी पहिल्यांदा दिसला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चपासून मी त्याला बघतेय. वहीत एकसष्ट नोंदी आहेत, तारीख-वेळेसकट. कधी तो एका पायावर झोपायचा आणि नेमका कड्याचा पाय पोटाखाली घ्यायचा. मग मी नमुन्याच्या बाटल्या हातात घेऊन पाय खाली येईपर्यंत बांधावर उभी राहायची.

कळवलं का नाही? कळवलं असतं तर दुसऱ्याच आठवड्यात तू मोठी दुर्बीण घेऊन आली असतीस. माझ्या तळ्याच्या काठी उभी राहून माझ्या साहेबांशी गोड बोलली असतीस आणि सगळे म्हणाले असते, किती हुशार तुमची बहीण. तुझा लेख छापून आला असता आणि शेवटी बारीक अक्षरांत माझे आभार असते. शिबिर तू नेलंस, सर नेलेस, घरचं कौतुक नेलंस. एक पक्षी तरी माझा राहू दे, असं मला वाटलं. तू घातलेलं कडं त्याच्या पायात दिसत होतं, तरी वाटलं.

पण गप्प राहणं एवढंच केलं असतं तरी हे पत्र याहून सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षी आमचे पंपवाले काका प्रयोगशाळेत आले. म्हणाले, "मॅडम, त्या लांबटांग्याच्या पायात बिल्ला आहे बघा." मी म्हटलं, "असेल काहीतरी." ते कसले ऐकतात! लेकीला विचारून त्यांनी तुमच्या नोंदणी कार्यालयाचा पत्ता शोधला आणि रंग, अक्षरं, पाय, जागा, तारीख सगळं लिहून पाठवलं. सगळं बरोबर. कार्यालयाचं उत्तर आलं: आभार, फक्त पाय कोणता ते एकदा पुन्हा पाहून खात्रीनं कळवा. काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच लिहा."

मी लिहिलं, उजवा.

पिवळं कडं उजव्या पायात घालणारी मंडळी वेगळी, ते तुला माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. कार्यालयानं त्यांना विचारलं, त्यांनी कळवलं की असं कडं आम्ही कुणाला घातलेलंच नाही. वाचण्यात चूक झाली असावी, पुढच्या वेळी नीट पाहावे, असं लिहून प्रकरण मिटलं. तुझ्यापर्यंत ते आलंच नाही. काका बिचारे म्हणाले, "माझीच नजर गेली वाटतं," आणि डोळे तपासून नवा चष्मा करून आले.

त्याच मोसमात के-सात-टीनं तिसऱ्या तळ्याच्या बांधावर घरटं केलं. चार अंडी, त्यातली तीन पिलं जगली. काकांनी माझ्या दुर्बिणीला फोन लावून फोटो काढले. अंड्यांवर बसताना तो पाय दुमडतो तेव्हा कडं वर-खाली सहज सरकतं, कुठे काचत नाही. हे मी डोळ्यांनी बघत होते आणि तिकडे तू स्वतःच्या हातांना दोष देत होतीस.

शुक्रवारी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "म्हणजे चष्मा उगाच केला?" मी मान हलवली. "सख्ख्या बहिणीशी कसलं हो वैर, मॅडम?" म्हटलं, "वैर नाही काका. पोटदुखी."

काल सकाळी मी कार्यालयाला कळवलं. एकसष्ट तारखा, घरटं, पिलं, काकांचे सगळे फोटो. पक्ष्याच्या प्रकृतीच्या रकान्यात लिहिलं: पाय निरोगी, सूज नाही, जखम नाही, कडं सैल आणि स्वच्छ, पळतो, उडतो, पिलं वाढवली. खाली वेगळ्या परिच्छेदात लिहिलं की गेल्या वर्षीची पायाची चूक काकांची नसून मी जाणूनबुजून केलेली आहे आणि कडी घालणारी बाई माझी धाकटी बहीण आहे. एक प्रत तुझ्या मोठ्या साहेबांना पाठवली. तेव्हा हे झाकायला जाऊ नकोस, झाकता येऊ नये म्हणूनच तसं केलंय. आईला आज संध्याकाळी सांगणार आहे. त्याची मला जास्त धास्ती आहे.

तासाभरात कार्यालयाकडून पक्ष्याचा दाखला आला. वय, कुठे कडं घातलं, कुणी घातलं, किती अंतरावर दिसला. तो वाचून मला आनंद झाला असं लिहायला फार आवडलं असतं. तुझं नाव वर छापलेलं दिसलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. ठमे, ही खोड एका पत्रानं जायची नाही. पण बाकीच्या एक्केचाळीस पक्ष्यांनाही कुणीतरी, कुठल्यातरी तळ्यावर, माझ्यासारखंच बघत असेल आणि कळवत नसेल, एवढं बैठकीत नक्की सांग. सगळ्यांना माझ्याइतकं कारण लागत नाही, नुसता आळसही पुरतो.

माफी मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील, आणि मग तुझ्या त्या चांगुलपणावरही मी जळेन. एकदा तरी माझ्यावर नीट रागाव, आणि मी "असू दे गं" म्हणाले तरी थांबू नकोस.

तुझी, आणि हे लिहितानाही तुझ्यावर जळणारी,
ताई