पाचवा दोर

प्रिय भाचेराव,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. गेल्या पंधरवड्यात मी तुला चार निरोप पाठवले. पहिल्यात प्रकृतीची चौकशी होती, दुसऱ्यात तुझ्या आईच्या चष्म्याचा नवा नंबर, तिसऱ्यात रविवारी जेवायला येणार का हा सरळ प्रश्न, आणि चौथ्यात तोच प्रश्न जरा वाकडा करून. चारींना मिळून तुझ्याकडून उत्तर आलं एक, तेही पिवळा अंगठा. तुझा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं ते मी. त्यानंतर सतरा वर्षं शिकून, यंत्र अभियांत्रिकीची पदवी पदरात पाडून मुलगा शेवटी अंगठ्यावर आला. तुझ्या आईपाशी गाऱ्हाणं केलं तर म्हणाली, दादा, अंगठा म्हणजे हो. मी विचारलं, कशाला हो? येतो याला, की वाचलं याला? ती म्हणाली, ते तुझ्या संस्कृतात शोध, माझं दूध उतू चाललंय. म्हणून हे पत्र. कागदावर अंगठा उमटवायचा तर शाई लागते, आणि तेवढी खटपट तू करणार नाहीस. म्हणजे चार शब्द तरी लिहिशील.

एक तारखेपासून तपासणीच्या कागदावर तुझी एकट्याची सही चालणार, हेही आईकडूनच कळलं. आत्तापर्यंत तुझ्या सहीखाली साहेबांची लागायची. अभिनंदन करायला हवं, आणि मी ते करीन. त्याआधी एक गोष्ट विचारायची आहे, ती एक तारखेच्या आधीच विचारायला हवी, आणि तिथपर्यंत पोचायला मला दोन-तीन पानं लागतील. तू ओळखतोस मला. दाराची कडी काढण्याआधी मी दाराचा इतिहास सांगतो.

तुमचा निकाल लागला त्या दुपारी तुम्ही चौघं माझ्या गॅलरीत बसला होता. लांब्या, जाड्या, प्रोफेसर आणि तू. पुढे काय, हा एकच विषय होता. लांब्याने तीन महिन्यांत संगणकाची भाषा शिकून बँकेची नोकरी धरली. चार वर्षं गिअरची चित्रं काढलेला मुलगा आता गिअर फक्त गाडीत असतात असं धरून चालतो. जाड्या व्यवस्थापन शिकायला गेला, आणि ज्या कारखान्यात स्वतःला राबायचं नव्हतं तिथे दुसऱ्यांना राबवायला बसला. प्रोफेसर लांबच्या एका बर्फाळ गावात उष्णतेवर संशोधन करतो, त्याबद्दल मी काही बोलत नाही. त्या दुपारी मी सिद्धान्त मांडला होता, की यंत्र अभियंता होणं म्हणजे यंत्रापासून कुठल्या दिशेला पळायचं हे चार वर्षं शिकणं. तिघं हसले. तू नाही हसलास. तू म्हणालास, मामा, मला मशीनच पाहिजे. मी चेष्टेवारी नेलं, पण आत कुठेतरी मला फार बरं वाटलं होतं. ते तुला सांगायचं राहिलं.

मग तुझे ते सात महिने. सकाळी अर्ज, दुपारी नकार, संध्याकाळी पुन्हा अर्ज. ज्याला त्याला अनुभव हवा, आणि अनुभव द्यायला कुणी तयार नाही. तुझ्या आईने विचारणं सोडलं आणि शर्टाला इस्त्री करणं वाढवलं. त्यानंतर लिफ्ट तपासणाऱ्या कंपनीने तुला घेतलं. पहिल्या दिवशी तू हात धुवायला दहा मिनिटं लावलीस, तरी भाताच्या कडेला ग्रीसचं बोट उमटलंच. जेवताना तू ताट सरकवून मला लिफ्ट समजावलीस. एकीकडे माणसांची पेटी, दुसरीकडे लोखंडी वजनं, मध्ये चाक, आणि चाकावरून जाणारे पोलादी दोर. मी त्या वजनांना प्रतिभार म्हणालो तर तुला ठसका लागेपर्यंत हसू आलं. तू सांगितलंस, एकटा दोरसुद्धा पेटी पेलू शकतो, तरी चार-पाच लावतात. दोर तुटण्याआधी बारीक होतो, म्हणून दर तीन महिन्यांनी एकेकाची जाडी मोजायची. त्याच आठवड्यात मी तुला ते मोजमापाचं कॅलिपर आणून दिलं. इतकं नाजूक हत्यार मी त्याआधी कधी हातात धरलं नव्हतं.

आता माझ्या कामाबद्दल. ते तू लहानपणापासून पाहत आलास, पण तुला कधी त्यात गोडी वाटली नाही. एकाच ग्रंथाच्या हाताने लिहिलेल्या सात प्रती समोर मांडायच्या आणि कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली ते शोधायचं. यात खरी मदत होते ती चुकांची. बरोबर मजकूर सातही जणांचा सारखा असू शकतो, त्यावरून काही ठरत नाही. पण दोघांची चूक सारखी निघाली, की समजावं, एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय. चूक वंशपरंपरेने चालते, नाकासारखी. आरशात बघ, म्हणजे पटेल.

आमच्या ग्रंथालयाची पाच मजली इमारत तुझ्याच वाट्याला आली आहे, हे मला माहीत होतं. त्याचा मला इतका अभिमान, की दोन आठवड्यांमागे आमच्या बाइंडरला मी मुद्दाम कार्यालयात नेलं आणि खिळ्याला टांगलेली लिफ्टची वही काढून तुझी सही दाखवली. म्हटलं, हा माझा भाचा. बाइंडर म्हणाला, शास्त्रीबुवा, अक्षर तुमच्याहून बरं आहे. मी खूश होऊन पानं उलटत राहिलो, आणि खोड जात नाही म्हणून एका नोंदीशेजारी दुसरी ठेवून वाचू लागलो. तुझ्या तीन नोंदी. त्याआधी तुझ्या जागी असलेल्या तपासनीसांच्या सहा. प्रत्येकीत दोरांची जाडी: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. आकडे जवळजवळ तेच. मी स्वतःला समजावलं, दोर तेच आहेत तर आकडे तेच असणार, यात पंडिताने नाक खुपसू नये.

वही जागेवर टांगताना आमचा वायरमन तिथे होता. मी सहज विचारलं, पाच दोर असतात म्हणे वर? तो म्हणाला, होते. दोन वर्षांमागे नवीन मशीन बसवलं तेव्हा चार झाले. मी म्हणालो, तुझी काहीतरी गल्लत होतेय. त्याने मला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत नेलं, विजेरी धरली आणि म्हणाला, मोजा. मी मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा बोट दाखवत मोठ्याने मोजले, तेव्हा वायरमन म्हणाला, शास्त्रीबुवा, वाढणार नाहीत ते.

चार आहेत रे. पाचवा दोर नवं मशीन आलं त्या दिवशी भंगारात गेला, आणि वहीत अजून दर तीन महिन्यांनी त्याची जाडी मोजली जाते.

तुझ्या आधीच्यांनी जुन्याच नोंदी उतरवल्या, तू त्यांच्या उतरवल्यास. इतकंच असतं तर मी म्हणालो असतो, पोराला दिवसाला चार इमारती, घाई झाली, मान खाली घालून लिहून मोकळा झाला. झोपेत चुकणारे लिपिकार मी आयुष्यभर पाहिले आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण तुझ्या तिसऱ्या नोंदीत पाचव्या दोराचा आकडा बारा पूर्णांक आठ मिलिमीटरवरून बारा पूर्णांक सातवर आला आहे. नसलेला दोर तीन महिन्यांत दशांशाने झिजला. झोपेत लिहिणारा आकडे बदलत नाही. बदलणारा जागा असतो, आणि कुणी वाचेल या धास्तीने बदलतो.

मी दिलेलं ते कॅलिपर तू माझ्याकडेच ठेवून गेला होतास, ते माझ्या टेबलाच्या खणात सापडलं. पाकिटं शोधत होतो. डबीवरचं पारदर्शक वेष्टण तसंच होतं. कंपनीने तुला दुसरं दिलं असेल. असेलच. या असेलवर मी दोन दिवस काढले.

त्या दिवसापासून मी जिन्याने जातो. गुडघे कुरकुरतात, विचारणाऱ्यांना सांगतो डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. डॉक्टर बिचारे मला वर्षभरात भेटलेले नाहीत. पण आमच्या सूचीकार बाई काठी टेकत येतात, त्या कुठून चढणार? पहिले तीन दिवस त्या लिफ्टमध्ये शिरल्या की मी तळमजल्यावर काहीतरी निमित्त काढून थांबायचो. दार लागायचं आणि मी मोजायला लागायचो. पाचव्या मजल्यावरची घंटी ऐकू यायला अडतीस सेकंद लागायचे. तिसऱ्या दिवशी पन्नास झाले तर माझ्या हातातली पोथी खाली पडली. बाईंनी मध्येच कुणाला तरी आत घेतलं होतं. मला कळतं, की पेटी अशी पडत नसते, खाली अडवणारा खटकाही असतो, तूच सांगितलंयस. पण तो खटकाही त्याच वहीत आहे. त्याच्यापुढे तू बरोबरची खूण केली आहेस. कॅलिपरला वेष्टण, आणि खुणेला सही. आता मी कशावर विश्वास ठेवू ते सांग.

चौथ्या दिवशी मला ते अडतीस सेकंद झेपेनात. मी त्याच वहीच्या तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, चढताना वरून घासल्यासारखा आवाज येतो, आणि खाली सही केली. आवाज येत नाही. मी ऐकलेला नाही. तुझं नाव न घेता लिफ्ट बंद पडावी म्हणून मी तो रचला. वायरमनने कळ ओढली, दारावर बंदची पाटी लागली, आणि सूचीकार बाई त्या दिवसापासून तळमजल्यावर वाचकांच्या बाकावर बसून काम करतात. माझे आभार मानतात. म्हणतात, बरं झालं तुम्हाला ऐकू आलं, माझे कान गेलेच आहेत. म्हणजे बघ, त्या वहीत आता आपल्या दोघांच्या खोट्या नोंदी एकाखाली एक आहेत. वंश कसा चालतो ते कळलं.

तुला उपदेश करण्याचा माझा अधिकार कितपत आहे तेही सांगून टाकतो. पंचविसाव्या वर्षी माझ्या गुरुजींनी मला एक प्रत तपासायला दिली होती. अकरा पानं मी उघडलीसुद्धा नाहीत आणि तपासली म्हणून खूण केली. पुस्तक छापून आलं. सहा वर्षांनी एका परक्या विद्वानाने ते अकरा पानांचं भगदाड दाखवलं. गुरुजींनी मला एक शब्द विचारला नाही. पुढच्या आवृत्तीत चूक मान्य केली, स्वतःच्या नावावर. मी तेव्हाही बोललो नाही, आणि ते गेले. तुझ्या आईलाही हे माहीत नाही. पण माझ्या चुकीला तळटीप मिळाली. तुझ्या चुकीला तळमजला मिळेल.

तुला शिव्या द्याव्यात म्हणून हे लिहायला घेतलं नाही. फोन उचलला असता तर तू मामा म्हणाला असतास आणि मी विरघळून जेवायला काय करू विचारलं असतं. माझ्या तक्रारीवरून तुमचे साहेब सोमवारी सकाळी दहा वाजता स्वतः येतायत. ते वर जातील, वही उघडतील, आणि चारपर्यंत मोजणं त्यांना येत असणार. ते येतील तेव्हा मी माझी आवाजाची नोंद खोटी असल्याचं लिहून खाली सही करणार आहे, आणि का लिहिली ते विचारलं तर सांगणार आहे. त्याआधी शनिवार आहे. सोबत कॅलिपर पाठवतो आहे, वेष्टण मी काढलेलं नाही, ते तुझं काम. तू ये, चारही दोर मोज, खटका बघ, मी विजेरी धरतो. मग वहीत खरं काय ते लिही आणि साहेबांना तूच फोन कर, मी बोलण्याआधी. एक तारीख हुकेल. नोकरीही जाईल कदाचित. पुन्हा सात महिने गॅलरीत बसावं लागलं तर गॅलरी आहे, इस्त्री करणारी आई आहे, मी आहे. पण मी एकच लिफ्ट बंद करू शकलो. तुझ्या यादीत बेचाळीस आहेत, आणि उरलेल्या एकेचाळिसांखाली मोजत उभं राहायला कुणी नाही. खरं सांगायचं तर मला काळजी आमच्या दोराची नाही आणि तुझ्या नोकरीचीही नाही. तू शनिवारी येशील, इथे चार लिहिशील, मी समाधानाने तुला जेवायला वाढीन, आणि बाकीच्या इमारतींबद्दल तुला विचारायचं माझ्याने होणार नाही, याची मला भीती वाटते.

तुझाच,
मामा