पाव गिधाडाचं गणित

प्रिय अनुआत्या,

तू गेल्यावर तुला काही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. ‘रडूबाई’ म्हणून चिडवलं असतंस! पण उद्या वनाधिकाऱ्यांपुढे माझा अहवाल वाचायचा आहे आणि भांडायला तू नाहीस. सकाळपासून चहा टाकते, तो गार होतो, पुन्हा टाकते.

कन्नडच्या घाटातला तो कडा आठवतो ना? तू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, पण गिधाडं दाखवायला न्यायचीस मला, शाळकरी भाचीला! नाकाला रुमाल लावला की ओरडायचीस, “अगं, ही हायेत म्हणून गाव साफ ऱ्हातंय!”

पुढे मी गणिताकडे वळले, तर किती टोमणे मारलेस! आता त्याच गिधाडांचं समीकरण मांडलंय. किती जन्मतात, किती मरतात, ते घातलं की पुढं काय होणार ते कळतं.

दवाखान्यात तुला त्यांच्या संख्येचा आलेख दाखवला होता. रेघ तळाला जाते आणि आपोआप वर चढते. म्हणजे बाहेरून पक्षी आणून सोडायची गरजच नाही. मी खूश! तू चष्मा पुसत विचारलंस, “तळाला किती उरली गं?”

“पाव.”

“पाव गिधाड? आन् त्याला पिल्लं व्हणार व्हय?” खोकला येईपर्यंत हसलीस.

राग आला होता मला. हसण्याऐवजी नीट समजावलं असतंस तर? ‘गणितात अपूर्णांक चालतात,’ असं म्हणत मी विषय बदलला. आणि चार दिवसांत तू कायमची निघून गेलीस. एवढी कसली घाई होती?

आज पुन्हा बघितलं. जोडीपेक्षा कमी उरली की शून्य धरायचं, एवढी एकच ओळ घातली. रेघ तळाला गेली ती तिथंच राहिली.

माझे मार्गदर्शक सर म्हणतात, “अहवाल छापून झाला, आता कशाला?” त्यांच्या सहीवर माझी नोकरी आहे. पण मी गप्प बसले तर त्या चुकीच्या अहवालामुळे वनखात्याचा पक्षी आणायचा प्रस्ताव उद्याच बारगळेल. तू काय केलं असतंस? माहीत आहे म्हणा. सरांनाच झापलं असतंस!

आत्या, मी उद्या उभी राहून सांगेन, माझं चुकलं; कुणी आणून सोडल्याशिवाय गिधाडं परत येणार नाहीत. सर चिडले तर चिडोत. नुसती वाट बघून कुणी परत येत नाही, हे वनाधिकाऱ्यांना सांगायचं तर आधी मला पटायला हवं. तुझा नंबर अजून लावून बघते मी. कालही लावला होता.

आता नाही लावणार.

तुझीच भांडखोर,
मीनू