पाय देवाकडे

२७ जुलै १९९८, सोमवार

पडली! श्रावणातला पहिला सोमवार, देवळात आरती चाललेली, आणि आमची सून देवकी घामाघूम होऊन पांढरीफटक. मी आणि शेजारच्या सुमंगलानं काखेत हात घालून उभी धरली – देवासमोर सवाष्णीला पाय पसरून आडवी थोडीच घालणार? तर हातपाय झडायला लागले, डोळे पांढरे! कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी बाहेरून चप्पल आणली. सुमंगला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "फेफरां गे बाये ह्यां! फसयल्यानी तुमकां."

लग्नाला चार महिने झाले नाहीत. अख्ख्या धारगळात आता हेच.

२८ जुलै

तिची ट्रंक उघडली. साड्यांखाली झटक्यांच्या गोळ्या! "आई, नववीत प्रार्थनेला पडले, तेव्हापासून घेते. बाबांनी सांगू नको म्हटलं." वा रे आमोण्याचे सज्जन व्याही! डोकं असं तापलं की जेवलेच नाही. माझा शंभू छत्री घेऊन बाहेर पडला – बायको त्याची, आणि हा पळाला.

दीर बाबुराव म्हणतात, "वयनी, चतुर्थीआदी कुळारा धाडा तिका." माहेरी पोचवणार तर! पण पुराव्यानिशी. कधी पडते, कुठे, कशी – सगळं या वहीत टिपीन आणि वही व्याह्यांच्या पुढ्यात आपटीन.

२ ऑगस्ट

पडली नाही. मुद्दाम करते की काय!

५ ऑगस्ट

रॉकेलच्या रांगेत पडली. मी चार बायका मागे. धरायला पोचेपर्यंत बाई चिखलात उताणी. वाकले तोवर डोळे उघडून मलाच विचारते, "आई, डबा सांडला?" झटके नाहीत, काही नाही. आधी कानात शिट्टी वाजली आणि अंधारी आली, म्हणते. लिहायचं ठरवलं म्हणून लिहिलं.

११ ऑगस्ट

शंभूच्या पायात खिळा घुसला. रक्त बघून देवकी उभ्या उभ्या कोसळली ती भाताच्या पोत्यांवर आडवी. मिनिटभरात उठून त्याचीच जखम धुवायला लागली. याही वेळी झटके नाहीत!

दुपारी वही काढून वाचली. तिन्ही वेळा उभी होती. बसलेली, निजलेली असताना एकदाही नाही. आणि झटके कधी आले? आम्ही उभी धरली तेव्हा! शाळेत काय झालं होतं, विचारलं. "बाईंनी खुर्चीत बसवून धरली होती." म्हणजे तिथेही आडवी घातली नाही! काय गो आम्ही बायका!

वही व्याह्यांकडे जात नाही. डॉक्टरकडे जाते.

१४ ऑगस्ट

म्हापशाच्या डॉक्टरांनी पानं दोनदा वाचली. देवकीला निजवून, उभी करून रक्तदाब बघितला, काळजाचा आलेख काढला. मग म्हणाले, "हे फेफरं नव्हे. साधी भोवळ. उभी धरलीत म्हणून डोक्याला रक्त पोचलं नाही, म्हणून ते झटके. आडवी घालायची, पाय वर करायचे." गोळ्या एकदम नाही, हळूहळू बंद. पाणी भरपूर, पेजेत मीठ, उपाशीपोटी ताटकळायचं नाही, शिट्टी वाजली की लगेच खाली बसायचं. बसलेलं माणूस घाम-शिट्टीवाचून पडलं तर मात्र ते काळजाचं, थेट हॉस्पिटल गाठायचं.

आणि मला म्हणाले, "यंत्रापेक्षा तुमची ही पानं कामाला आली." सातवी शिकलेय मी! बसमध्ये हसू आवरेना. देवकी रडत होती, तिलाही हसवलं.

२५ ऑगस्ट, चतुर्थी

जिंकले!

घरात चाळीस माणसं, घुमटांवर थापा दणाणतायत, आरती संपता संपेना. देवकी खाली बसायला बघत होती, पण त्या गर्दीत जागा कुठली? पडली. बाबुराव धावले काखेत हात घालायला. मी ओरडले, "हात लावू नका! आडवी घाला, पाय वर!"

"वयनी, पाय देवाकडे जातत!"

"जाऊं देत! गणपतीला राग आला तर मला विचारील!"

घुमटं थांबली. मी खाली बसून तिचे पाय माझ्या खांद्यावर घेतले आणि मोठ्यानं मोजायला लागले. वीस व्हायच्या आत डोळे उघडले. झटका एक नाही! घ्या आता फेफऱ्याचं नाव! आरती पहिल्यापासून म्हणायला लावली, आणि सगळ्यांत मोठा आवाज बाबुरावांचा. शंभू देवकीजवळ जाऊन बसला, सगळ्यांसमोर. उशिरा का होईना, शहाणा झाला.

२७ ऑगस्ट

सुमंगला आली, नातीला घेऊन. तीही शाळेत पडते म्हणे. "तुझी ती वही दाखय गे." दाखवली – जरा ताणून धरून.

१९ सप्टेंबर, हॉस्पिटलात

परवा मी पडले. नारळ खवत बसलेली – बसलेली! घाम नाही, शिट्टी नाही. शुद्ध आली तर जीपमध्ये आडवी. बाबुराव देवकीला म्हणत होते, "भोवळ गो, तुझ्यासारकीच, घराकडे परत व्हरूया." आणि देवकी, जिचा आवाज कधी चढत नाही, ती ड्रायव्हरच्या कानात किंचाळत होती, "माझ्यासारखी नव्हे! आई बसलेल्या होत्या! हे काळजाचं आहे, गाडी थांबवू नका!"

काळजाचंच निघालं. मधेच थांबत होतं. छातीत यंत्र बसवलंय. घरी ठेवली असती तर पुढच्या वेळी उठले नसते, डॉक्टर म्हणाले.

हिला मी माहेरी पोचवायला निघाले होते.