दाजींच्या जीपची मोठी चाकं

१२ मे १९७४, रविवार
आक्काचे यजमान आले, चंदगडहून, जीप घेऊन. सकाळी आठलाच वर्कशॉपच्या दारात हॉर्न. दाजींना हॉर्नशिवाय बोलायला जमत नाही. गाडीचं पोट पुन्हा दगडांवर खरवडून आणलंय. लष्कराच्या लिलावातली चार चाकं मागे टाकून आणलीत, रिमसकट. आत्ताच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच, रुंदही.
"बसीव. पावसाच्या आत पायजेत."
म्हटलं, बसतात का बघतो.
"बसत्यात का म्हंजे? कोल्हापूरचा मिस्त्री न्हवं तू?"
झालं. आमच्या उद्यमनगरात 'होत नाही' म्हणणारा मिस्त्री अजून जन्माला यायचाय. बोलून गेलो, बसवतो, काही फरक कळणार नाही तुम्हाला.

१३ मे
बसली. भोकं जुळली. पण स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढचा टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्याला घासतो. दिवसभर डोकं खाल्लं. शेवटी चाकाचं वळणं जिथं अडतं, त्या दोन्ही बोल्टांखाली दोन-दोन वायसर, लोखंडी चकत्या, घातले. घासणं बंद. चाक मात्र आता दीड-दोन बोटं कमी वळतं. दाजींना सांगायचं.

१४ मे
कळंब्याच्या तळ्यापर्यंत चक्कर. सरळ रस्ता, मोकळा. दाजी सीटवर ताठ बसून दोन्ही बाजूंना बघत होते, जसं काही सगळा रस्ता उठून नमस्कार करणार आहे. परत आल्यावर शेजारच्या फौंड्रीतली माणसं गोळा केली. "ह्यो माझा मेव्हणा. एवढाली चाकं बसिवली, जरा सुदीक घासत न्हाय बगा!" पाठीत थाप. त्या सगळ्यांपुढे, घासत नाही कारण पुरतं वळत नाही, असं कसं म्हणू? निघताना सांगू म्हटलं. निघताना आक्काची साडी घ्यायची आठवण झाली त्यांना, तशीच घाई करून गेले.
पत्र टाकतो.

१७ मे
पत्र राहिलं. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, त्यांच्या हाताला कळेलच. स्वतःची समजूत काढायला मी पटाईत.

२१ मे
तार. जीप पडली, लगेच ये. मिळेल त्या एसटीनं चंदगड.
धनगरवाड्याच्या कच्च्या उतारावर एक अवघड वळण आहे. बाकीचे ड्रायव्हर तिथं थांबतात, गाडी मागे घेतात, मग वळतात. दाजी एका दमात वळवायचे. त्याचा त्यांना केवढा गर्व. तिकडं जाणं क्वचित, नव्या चाकांवर तर काल पहिल्यांदाच. वळली नाही. सरळ बांधावरून खाली. दाजींचा उजवा पाय मोडला. मागे एक म्हातारी होती, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. ती जागेवर गेली.
कशानं वळली नाही ते मला एसटीतच कळलं होतं. शेजारचा पावणा जीप कुठल्या वळणावर पडली ते सांगत होता आणि मी मनात वायसर मोजत होतो.

२२ मे
पोलिस म्हणाले, मिस्त्री आहात तर गाडी वर काढून द्या, उद्या तपासणीचे साहेब येणार. साखळी-कप्पी लावून काढली. पुढची बाजू शाबूत. माणसं चहाला गेली. मी खाली शिरलो आणि चारही वायसर काढून घेतले. ओढ्यात टाकले. पाच मिनिटांचं काम.
हे मी केलं. इथं तरी लिहितो.

२३ मे
साहेबांनी चाकं दोन्हीकडं फिरवली. टायर घासतोय म्हणाले, पण वळतंय पूर्ण. लिहून घेतलं: स्टिअरिंगमध्ये दोष नाही, चालकाचा निष्काळजीपणा.
मी मान हलवली. कुणी विचारलं नव्हतं तरी.

९ जून
दाजी इथंच कोल्हापुरात दवाखान्यात, पाय प्लॅस्टरमध्ये. गावात उठवलंय की प्यालेले होते. दाजी सुपारीसुद्धा खात नाहीत. त्यांना त्याचंही काही नाही. हात उलटेपालटे करून बघत बसतात.
"मी पुरतं फिरीवलं व्हतं रं दिनू. का न्हाय फिरीवलं? आता मलाच उमगंना. हातच गेलं बग माझं."
मी मोसंबं सोलत होतो. सोलतच राहिलो.

३० जून
आक्का म्हातारीच्या त्या बाळंतीण लेकीकडे डिंकाचे लाडू घेऊन गेली होती. दारातूनच परत पाठवली. "माझा नवरा दारू पीत न्हाय, येवढं सांगितलं आन् आले," म्हणाली. लाडू आम्हा कुणालाच खाववेनात. मला रडू आलं. तिच्यासमोर नाही.

१४ जुलै
दाजी घरी गेले. कुबड्या. जीपकडे पाठ करून बसतात म्हणे. वकील म्हणतात, लढू. दाजी म्हणतात, नको, "माझ्या हातनं मेली ती, मी कबूल करणार." पाच ऑगस्टला तारीख आहे.
लांब आहे अजून, असं मनात आलं. लाज वाटली.

२ ऑगस्ट
लेथवर काम बिघडवलं, एकच माप तीनदा चुकलं. रविवारी जातो. यावेळी पत्राचं नाव काढायचं नाही.

४ ऑगस्ट, रविवार. चंदगड
सांगितलं. दुपारी, पाऊस ओतत होता. दाजी खाटेवर, आक्का चुलीपाशी. एका दमात सांगितलं, थांबलो असतो तर झालं नसतं. किती वायसर, कुठं, कशासाठी, आणि तुम्हाला का बोललो नाही ते.
दाजींनी दोन्ही हात पुढं धरले. मग हातांकडं बघत म्हणाले, "म्हंजे मी पुरतं फिरीवलं व्हतं."
"व्हय, दाजी."
तोंडावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मला वाटलं, आता शिव्या देतील, मोकळे होतील. पण त्यांनी विचारलं, "मग सायबानं बगितलं तवा वायसर कुटं व्हतं?"
हे मी सांगितलं नव्हतं. एवढं गाळून पुढं जाईन, असं ठरवून आलो होतो.
"मी काढलं. त्येंच्या आदी."
आक्काचा भाकरी थापणारा हात थांबला. दाजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. तिला म्हणाले, "त्येला जेवाय वाढ. सकाळी लवकर निघायचं हाय." कुणी कुणी निघायचं ते बोलले नाहीत.
जेवलो. पानात काही टाकलं नाही.
आता दिवे लागलेत. उद्या कोर्टात कुणी बोलायचं, त्यांनी की मी, ठरलेलं नाही. मी जाणारच आहे. बोलायचं म्हणून जाणार आहे. दाजींनी ये म्हटलेलं नाही, येऊ नको असंही नाही. आक्का मागच्या दारी भांडी घासते आहे. माझं ताट तेवढं बाजूला ठेवलंय.