डिकने टीव्हीला मारलेल्या थपडा

लंडन, मंगळवार

प्रिय नोरा,

शुक्रवारी आमचा विनोदी कार्यक्रम चालू असताना तुमचा टीव्ही मध्येच मुका झाला आणि डिकने त्याला दोन थपडा मारल्या, असं तू लिहिलंस. टीव्ही धड आहे. आवाज मी तोडला होता.

सगळं थेट जातं. नट अडला की मी कॅमेऱ्याखालून वाक्य सांगते, आणि ते घरोघर ऐकू जाऊ नये म्हणून तेवढा वेळ बटण दाबून धरते. पण तुझे बाबा अडले नव्हते. चहाचा कप हातात धरून ते सेटवरच्या प्लायवूडच्या दाराकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "विनी, नोरा अजून शाळेतून आली नाही गं?" तुझं नि डिकचं लग्न होऊन दहा वर्षं झाली, नोरा.

समोरचे प्रेक्षक खो खो हसले. मी दाबलेलं बटण सोडलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाबा म्हणाले, "आज रंगला, नाही?" मी हो म्हटलं. कुणाला कळलं तर त्यांचं काम जाईल, म्हणून हे पत्रही मी टपालात टाकणार नाही.

या शुक्रवारी पुन्हा आहे. टीव्ही मुका झाला तर डिकला आवर. बाबांच्या ओठांकडे बघ. तुझीच चौकशी करत असतील.

बटणावर बोट ठेवून बसलेली,
तुझी विनी आत्या