वरीलप्रमाणे

४ मार्च, सोमवार
आजपासून नवी नोकरी, म्हणून नवी वही. पाहू या किती दिवस टिकते! मागच्या तिन्ही रोजनिश्या पहिल्याच आठवड्यात माळ्यावर गेल्या होत्या.
जागा छान आहे. लांबट बैठी इमारत, पांढऱ्या फरशा, उंच खिडक्या, आणि बारा मेंढ्या. प्रत्येकीच्या मांडीतल्या मोठ्या शिरेत एकेक स्टेंट बसवलाय, म्हणजे बारीक तारेची जाळीदार नळी. शीर दबली की रक्त तुंबतं, ते तुंबू नये म्हणून. ती नळी जागेवर राहते का, हे रोज सोनोग्राफीवर बघायचं, हे माझं काम. डॉक्टर मोठे विसरभोळे आहेत. चष्मा डोक्यावर ठेवून मला विचारत होते की चष्मा दिसला का. मेंढ्यांची देखभाल मामा करतात. मामा कुणाचे, ते कुणालाच ठाऊक नाही.
ताईला फोन करून सगळं सांगितलं. खरं तर मी इथे आले तिच्यासाठीच. दोन वर्षांपूर्वी तिच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली, तेव्हापासून डावा पाय संध्याकाळपर्यंत लोडासारखा सुजतो. मेंढ्यांवरची चाचणी पार पडली की हेच स्टेंट माणसांना बसवणार आहेत, आणि यादीत ताईचं नाव पाचवं आहे. पुढच्या रविवारी ती माझ्याकडे राहायला येतेय.

५ मार्च, मंगळवार
काम सोपं आहे. मामा मेंढी धरतात, मी लोकर भादरते, जेली लावून प्रोब फिरवते. पडद्यावर स्टेंटचं वरचं टोक दिसलं की कातडीवर तिथेच, स्टेंट बसवताना काढलेला निळ्या मार्करचा ठिपका असतो. दोन्ही जुळले की नोंदवहीत ‘वरीलप्रमाणे’ लिहायचं. माझ्या आधीच्या बाईंनीही पानंच्या पानं तेच लिहिलंय.
मी विचारलं की मेंढी तर आडवी, मग तिचं ‘वर’ कुठलं? डॉक्टर हसले. म्हणाले, आपल्या धंद्यात वर म्हणजे आकाशाकडे नव्हे, काळजाकडे. शिरेतलं रक्त तिकडेच वाहतं आणि शीर तिकडेच रुंद होत जाते, त्यामुळे स्टेंट सुटलाच तर वरच जाणार. पण सुटत नाही हो, असंही म्हणाले.

११ मार्च, सोमवार
मेंढ्यांना नावं ठेवून झाली. नऊ नंबरची मास्तरीण, कारण ती एकटक बघते आणि मला उगाचच चुकल्यासारखं वाटतं.
ठिपके फार पुसट होतात. मला गबाळं काम खपत नाही, त्यामुळे पडद्यावर टोक दिसलं की लगेच त्यावर नवा ठिपका ठसठशीत गिरवते. डॉक्टर म्हणाले, इतके नेटके ठिपके आजवर कुणी काढले नव्हते. मी दिवसभर हवेत!
ताई काल आली. आल्या आल्या माझं कपाट लावून टाकलं आणि वर मलाच बोलली.

२२ मार्च, शुक्रवार
चाचणी संपली. बाराच्या बारा शेवटपर्यंत ‘वरीलप्रमाणे’. डॉक्टरांनी त्यावर अहवाल पाठवला आणि ताईला बुधवारची तारीख मिळाली. मी तिला मिठी मारली, तर म्हणते, अगं हो, पाय आधी बरा होऊ दे, मग मोड मला.

३० मार्च, शनिवार
ताई घरी आली. सूज निम्म्यावर! दोन वर्षांनी दोन्ही पायांत एकाच मापाच्या चपला घालून ती जिन्यावरून दोनदा वर-खाली करून आली. मला रडू आवरेना. तिच्या जांघेत नर्सने निळा ठिपका काढून ठेवलाय. मी म्हटलं, आता तुलाही नंबर देऊ का? तिने उशी फेकून मारली.

१ एप्रिल, सोमवार
मास्तरीण दोन दिवस खात नाही. मामा म्हणाले, बाई, हिचा श्वास बघा जरा. नीट बघता यावं म्हणून आज नेहमीपेक्षा खूप मोठा भाग भादरला.
लोकरीखाली एक पुसट निळा ठिपका सापडला. त्याच्या एक बोट पुढे दुसरा. मग तिसरा. मांडीपासून पोटाच्या कडेने ठिपक्यांची रांग पुढे गेलेली.
सगळे माझेच. स्टेंट सरकत होता आणि मी रोज तो दिसेल तिथे नवा ठिपका काढत होते. ठिपका आणि स्टेंट जुळणारच होते, मी ते जुळवतच होते. कसं कळलं नाही मला? नेटकेपणाचं कौतुक करून घेत बसले.
ताईला अजून काही सांगितलेलं नाही.

२ एप्रिल, मंगळवार
पहिलं माप शोधायला नोंदवही उलटी चाळली. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. पार पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, जिच्यावर काहीच नाही तिथेही — वरीलप्रमाणे.
आकडा कुणी कधी लिहिलेलाच नाही.
मास्तरीण दुपारी गेली. डॉक्टरांनी उघडून पाहिलं. स्टेंट काळजात होता. मी ताईबद्दल विचारलं, तर हात धूत म्हणाले, बारातली एक, उगाच बोभाटा करू नका. नोंदवही त्यांनी कपाटात बंद केली.

३ एप्रिल, बुधवार
टेप घेऊन माकडहाडापासून मोजलं. उरलेल्या अकराही जणींचे स्टेंट सरकलेत.
आणि मी हात लावायच्या आधीच सगळ्यांचे ठिपके ताजे होते, शाई ओली. मामांना विचारलं, तर ते माझ्याकडेच बघत राहिले. म्हणाले, बाई, सकाळी सहाला तुम्हीच तर येऊन काढून गेलात, मी हाक मारली तर वळला नाहीत.
सहाला मी घरी होते. ताईचा चहा करत होते.
होते ना? बोटांना निळी शाई आहे. घासूनही निघत नाही.

४ एप्रिल, गुरुवार
ताईचा ठिपका जांघेत नाही. बेंबीच्या बाजूला आहे.
मी ओरडलेच तिच्यावर, कुणी काढला म्हणून. ती बावरली. म्हणाली, अगं, पहाटे तूच नाही का काढलास? हात किती गार होते तुझे, मी बोललेसुद्धा तुला.
हॉस्पिटलला फोन केला. त्यांनी कागद बघून सांगितलं की सगळं वरीलप्रमाणे आहे, सोमवारी आणा. सोमवार! डॉक्टर फोन उचलत नाहीत.

५ एप्रिल, शुक्रवार
मार्कर गटारात टाकला. उजवा हात ओढणीने पलंगाला बांधून पडले. सकाळी गाठ सुटलेली.
ठिपका बरगडीखाली.
ताई म्हणते छातीत जड वाटतंय, पण तू घाबरू नकोस. मला म्हणते घाबरू नकोस — सगळं सांगितलं तिला. ठिपक्यांचं, मास्तरणीचं. रागावलीसुद्धा नाही. नुसता माझा हात धरून ठेवला, शाईचा —

६ एप्रिल, शनिवार
अँब्युलन्स निघाली आहे. कामावरचं लहान सोनोग्राफी मशीन न विचारता घेऊन आले. प्रोब ठेवला — ठिपक्याच्या बरोब्बर खाली जाळी. काळजापासून दोन बोटं.
ताईचे ओठ निळसर. माझ्याकडे एकटक बघतेय.
मार्कर टेबलावर आहे. मी टाकलेलाच.
फोनवर हॉस्पिटलचे सर्जन आहेत. म्हणाले घाबरू नका, वेळ आहे, नक्की कुठे आहे ते सेंटिमीटरमध्ये मोजून सांगा, मी तयारी करतो. मोजलं. आकडा तोंडातून फुटत नाही — जीभ उचलत नाही — इथे लिहिते, ताई वाचून सांगेल त्यांना —
वरीलप्रमाणे
नाही. आकडा. मला माहीत आहे आकडा, आत्ता मोजलाय —
वरीलप्रमाणे
ताई, हात धर माझा, घट्ट धर, मी नाही लिहीत हे, मी
वरीलप्र