दोनशे बारा फूट तीन इंच

११ मे १९४४
अकोल्याहून बैलगाडीनं धरणाशी पोचले. गनीभाईंनी नावेतून टेकडीवर आणलं. चहूकडे पाणी, काठाला करवंदीच्या जाळ्या, वर उघडा माथा. पुण्यात शिकलेलं मोजणीचं काम पहिल्यांदाच एकटीनं करायचं आहे. मन प्रसन्न आहे. माथ्याची पाण्यापासूनची उंची पाच दिवस मोजायची. आकड्यांची पट्टी धरायला भिमाजी आहे.

इथली रीत अशी, की नावेतून उतरणाऱ्यानं काठचा एक दगड माथ्यावरच्या ढिगात ठेवायचा आणि निघताना आपला आपण परत आणायचा. गनीभाई म्हणाले, डोंगर दगड मोजूनच मानसं सोडतो, बाईसाहेब. दोघांनी ठेवले. मी ठेवला नाही. भिमाजी हसून म्हणाला, मग तुमाला हितंच सासर करावं लागंल.

१२ मे
सकाळी गमतीनं पट्टीपाशी तिघांच्या उंच्या घेतल्या. भिमाजी पाच फूट सात इंच. गनीभाई पाच फूट चार. त्यांना भिमाजीनं आधी टोपी काढायला लावली. मी पाच फूट एक. मग गनीभाई आपला दगड घेऊन परतले.

ढीग नेमका सर्वांत उंच जागी होता. भिमाजी नको म्हणत असताना मी तो मोडायला लावला. दगड उतारावरून पाण्यात गेले. पट्टी उघड्या खडकावर टेकवली. २१२ फूट ३ इंच. पुन्हा मोजली, तीच.

१३ मे
भिमाजी पट्टी घेऊन वर गेला, तो उतरलाच नाही. माथ्यावर पट्टी आडवी पडलेली. जाळ्यांत नाही, काठाला नाही. काठावरून दुर्बिणीनं कोन घेऊन उंची काढली. २१७ फूट १० इंच. पाणी कालच्या खुणेपाशीच आहे. यंत्रात दोष नाही. फरक पाच फूट सात.

१४ मे
गनीभाई दुपारी आले. ढिगाचं सांगितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, पोरी, आता डोंगरानं मोजायचं कसं? दगड उचलून, भिमाजीला हाका मारत वर गेले. हाका थांबल्या.
२२३ फूट २ इंच.
नावेकडे धावले. दोरी सुटून ती पार मध्यावर. मला पोहता येत नाही.

१५ मे
तीन दगड वर नेऊन रचले. त्या दोघांचे, माझा. पाठ वळली, की नाहीत. पुन्हा तीन. पुन्हा — खडक कोमट लागतो —

१६ मे
वर गेले नाही. जाणार नाही. काठावरच बसून आहे. सवयीनं दुर्बीण लावली.
२२८ फूट ३ इंच.
पुन्हा. तेच.
पाच फूट एक — पण मी तर इथं —
पाण्यात वाकून पाहिलं. टेकडी दिसते. करवंदी दिसते. मी —